कॉमन की ब्रुनिक? उत्तरेच्या कड्यांवरचे दोन गिलेमॉट ओळखताना

काळपट पाठ, पांढरे पोट, ताठ उभी बैठक, वजन साधारण एक किलो आणि लांबी ४० सेंटिमीटरच्या आसपास. आइसलँडच्या किंवा उत्तर नॉर्वेच्या समुद्रकड्यावर असे हजारो पक्षी एका नजरेत येतात, आणि बऱ्याच ठिकाणी त्यांत दोन जाती मिसळलेल्या असतात. एक कॉमन गिलेमॉट (युरिया आल्गे), दुसरा ब्रुनिक गिलेमॉट (युरिया लोम्व्हिया). डॅनिश प्राणिशास्त्रज्ञ मॉर्टन थ्राने ब्रुनिक यांच्यावरून दुसऱ्याचे नाव पडले. दोघांतला फरक विचारला की पहिले उत्तर ठरलेले असते: ब्रुनिकच्या चोचीवर पांढरी रेघ असते. रेघ असते हे खरे, पण ओळखीची सुरुवात तिथून केली तर चुकण्याची शक्यता सर्वांत जास्त. रेघ शेवटी तपासायची. आधी पक्षी उभा कुठे आहे ते पाहायचे, मग त्याची कूस, मग चोचीचा आकार.

हे दोन्ही पक्षी भारतात दिसत नाहीत, त्यामुळे महाराष्ट्रात पक्षीनिरीक्षण शिकलेल्याची नजर त्यांना सरावलेली नसते. एक सराव मात्र आपल्याकडे होऊ शकतो. लहान पाणकावळा आणि भारतीय पाणकावळा एकाच तळ्यावर शेजारी बसलेले असतील तर रंगावरून गोंधळ होतो. आखूड, जाडसर चोच आणि लांब, सडपातळ चोच हा फरक एकदा डोळ्यांत बसला की तो सुटतो. गिलेमॉटच्या बाबतीत नेमकी हीच नजर लागते. प्रवासाला निघण्यापूर्वी जवळच्या धरणावर दोन सकाळी पाणकावळ्यांच्या चोची पाहण्यात घालवल्या तर त्या वाया जाणार नाहीत.

नावांचा गुंता आधी सोडवा

स्थानिक वाटाड्याशी किंवा बोटवाल्याशी बोलताना नावांमुळेच चुकीची जात नोंदवली जाते. ब्रिटनमध्ये ज्यांना गिलेमॉट म्हणतात त्यांनाच अमेरिका-कॅनडात 'मर' (murre) म्हणतात: कॉमन मर आणि थिक-बिल्ड मर, म्हणजे जाड चोचीचा. अमेरिकन माणूस नुसते 'गिलेमॉट' म्हणाला तर त्याच्या मनात वेगळ्याच प्रजातीतला पक्षी असतो, लाल पायांचा ब्लॅक गिलेमॉट. कॅनडाच्या न्यूफाउंडलँडमध्ये दोन्ही जातींना सरसकट 'टर' म्हणतात.

नॉर्वेत खरा सापळा आहे. तिथे 'लोम्वी' म्हणजे कॉमन, आणि ब्रुनिकला 'पोलारलोम्वी' म्हणतात. शास्त्रीय नावात मात्र 'लोम्व्हिया' ब्रुनिकला चिकटले आहे. कोणी "लोम्वी" म्हटल्यावर वहीत लोम्व्हिया लिहिले की नोंद उलटी झाली. आइसलँडिक नावे सर्वांत उपयोगी आहेत: कॉमन 'लाउंगविया' आणि ब्रुनिक 'स्तुत्तनेव्या', म्हणजे आखूड नाकाची. कड्यावर पिढ्यान्‌पिढ्या वावरलेल्या लोकांनी नाव ठेवताना पांढऱ्या रेघेकडे नव्हे, चोचीच्या लांबीकडे पाहिले.

कुठे आणि कधी

ब्रुनिक हा खऱ्या अर्थाने आर्क्टिकचा पक्षी: स्वालबार्ड (नॉर्वेच्या उत्तरेची बेटे), ग्रीनलँड, कॅनडाचा आर्क्टिक, अलास्का, रशियाचा उत्तर किनारा. कॉमन त्याच्या दक्षिणेला, ब्रिटन-आयर्लंड, पोर्तुगालपर्यंत तुरळक, आणि पॅसिफिकच्या बाजूला कॅलिफोर्नियापर्यंत. तुलना करायची तर दोघांचे पट्टे जिथे एकमेकांवर येतात तिथे जायला हवे.

पश्चिम आइसलँडमधला लाउत्राब्यार्ग हा १४ किलोमीटर लांबीचा, कमाल ४४१ मीटर उंचीचा कडा. इथे दोन्ही गिलेमॉट आहेत, शिवाय त्यांचेच काळे-पांढरे नातलग रेझरबिल आणि पफिनही. रस्ता दीपगृहापाशी संपतो आणि तिथूनच पक्षी सुरू होतात. नॉर्वेत वार्दो गावातून बोटीने सुमारे १० मिनिटांत हॉर्नोया बेटावर पोचता येते. तिथे कॉमन हजारोंनी आणि ब्रुनिक मोजके, पण पायवाट कड्याला इतकी लागून जाते की दुर्बिणीशिवायही चोच दिसते. पहिल्यांदा तुलना करणाऱ्याने हॉर्नोया निवडावे. न्यूफाउंडलँडच्या केप सेंट मेरीजला, सेंट जॉन्सपासून सुमारे २०० किलोमीटरवर, पर्यटकांसाठीच्या माहिती केंद्रापासून दीडेक किलोमीटर चालत गेले की दोन्ही जातींचे कडे समोर येतात. तिथे धुके फार, म्हणून एक दिवस राखीव ठेवा. स्वालबार्डच्या आल्केफ्येलेटला जहाजाने जावे लागते. तिथे जवळजवळ सगळे ब्रुनिकच, सुमारे ६० हजार जोड्या. ब्रुनिक डोळ्यांत मुरवायला त्याहून चांगली जागा नाही, पण शेजारी ठेवून पाहायला कॉमन हवा तो तिथे मिळणे कठीण.

जून महिना उत्तम. जुलै संपता संपता कडे ओस पडू लागतात, कारण पिल्लू तीन आठवड्यांचे झाले की समुद्रात उडी घेते आणि त्यानंतर मोठ्यांनाही कड्यातल्या खडकाच्या फळीवर थांबण्याचे कारण उरत नाही. ऑगस्टच्या सुटीत आइसलँडला गेलेल्यांना रिकामे, पांढरे झालेले दगड दिसतात ते यामुळे.

८×४२ किंवा १०×४२ दुर्बीण पुरते, पण दीडशे मीटरच्या पुढे चोचीची रेघ पाहायची तर तिवईवरचा स्कोप हवा. २५ ते ३० पट मोठेपणा ठेवा. त्याहून वाढवला तर वाऱ्याने चित्र हलते आणि समुद्रावरची हवा लहरताना दिसते. लाउत्राब्यार्गची कडेची माती पफिनच्या बिळांनी आतून पोकळ झालेली असते. टोकाला उभे राहू नका. पोटावर आडवे होऊन पुढे सरका, म्हणजे वजन पसरते आणि पक्षीही बिचकत नाहीत.

पहिली पायरी: पक्षी उभा कुठे आहे

कड्यातून निघालेल्या खडकाच्या रुंद फळ्या आणि सुळक्यांचे सपाट माथे कॉमन पसंत करतो. तिथे ते अंगाला अंग लावून उभे असतात, मुंबईच्या लोकलमधल्या गर्दीसारखे. एका चौरस मीटरमध्ये वीस जोड्या हे नवल नाही. घरटे नसतेच, उघड्या दगडावर एकच अंडे. ब्रुनिक त्याच कड्यात अरुंद फळ्या धरतो, कधी पाऊलभर रुंदीच्या, आणि एका ओळीत बसतो, बहुधा भिंतीकडे तोंड करून.

म्हणून स्कोप लावण्याआधी नुसत्या डोळ्यांनी कडा वाचा. दाट काळा पुंजका दिसला तर तिथे कॉमन असण्याची शक्यता जास्त. उभ्या भिंतीवर माळेसारखी एकेरी रांग दिसली तर तिथे ब्रुनिक शोधा. हा पुरावा नव्हे, पण कुठे वेळ घालवायचा ते यावरून ठरते. एक अडचण लक्षात ठेवा: भिंतीकडे तोंड केलेल्या ब्रुनिकची फक्त पाठ दिसते. गळा, छाती, चोच काहीच नाही. अशा वेळी पुढच्या पक्ष्याकडे धावू नका. अंडे उबवणारा पक्षी थोड्या थोड्या वेळाने मान वळवतो, आणि बाजूने दिसलेली चोचीची एक झलक दहा पाठींपेक्षा मोलाची असते.

दुसरी पायरी: कूस

ही खूण पुस्तकांत असते, पण तिच्याकडे लक्ष कमी जाते. कॉमनच्या पांढऱ्या कुशीवर, पंखाच्या खालच्या कडेला लागून, काळपट तपकिरी रेघा असतात. ब्रुनिकची कूस स्वच्छ पांढरी. पक्षी बाजूने उभा असेल तर चोचीपेक्षा कितीतरी दुरून हा फरक कळतो.

मात्र या खुणेचा अर्थ एकाच दिशेने लावायचा. ठळक रेघा दिसल्या तर तो ब्रुनिक नाही. रेघा न दिसल्या तर मात्र काहीच सिद्ध होत नाही, कारण काही कॉमनच्या रेघा पुसट असतात आणि बसताना पंख त्या झाकतो. कॅमेऱ्याने घोटाळा आणखी वाढतो. काळ्या-पांढऱ्या पक्ष्यावर कॅमेरा आपोआप प्रकाश वाढवतो, पांढरा भाग जळतो आणि कुशीवरच्या रेघा फोटोतून नाहीशा होतात. घरी आल्यावर त्या फोटोतला कॉमन बघता बघता ब्रुनिक होतो. एक्स्पोजर पाऊण ते एक स्टॉप कमी ठेवा आणि पांढऱ्या भागातले तपशील टिकले आहेत ना, ते तिथल्या तिथे पडद्यावर मोठे करून पाहा.

तिसरी पायरी: चोच, आधी आकार, मग रेघ

कॉमनची चोच लांब, सरळ, टोकाकडे एकसारखी निमुळती होत गेलेली, सुरीच्या पात्यासारखी. खालच्या चोचीला जिथे कोन पडतो ती जागा मुळाच्या जवळ असते, म्हणून कोनापुढचा भाग लांब वाटतो. ब्रुनिकची चोच आखूड आणि जाड, वरची कड टोकाकडे गोलाईने खाली झुकलेली, आणि खालचा कोन मध्याच्या आसपास. त्यामुळे टोक बोथट दिसते. डोके आणि चोच मिळून पाहा: कॉमनमध्ये चोच डोक्यातून ओढून काढल्यासारखी, ब्रुनिकमध्ये डोक्यावर बसवल्यासारखी.

आता रेघ. ब्रुनिकच्या वरच्या चोचीच्या कडेला, जबड्याच्या कोनापासून निघून नाकपुडीच्या खालपर्यंत, पांढरी पट्टी जाते. जवळून ती खडूने ओढल्यासारखी स्पष्ट दिसते. ती फसवते ती अशी:

चोचीत मासा असेल तर त्याचे रुपेरी अंग चोचीच्या कडेला चमकते आणि दुरून अगदी तशीच रेघ दिसते. दोन्ही जाती पिल्लासाठी एका वेळी एकच मासा आणतात, चोचीत लांबीच्या दिशेने धरून, शेपटी बाहेर. मासा गिळेपर्यंत किंवा पिल्लाला देईपर्यंत निर्णय थांबवा. (चोचीत आडवे धरलेले बरेच मासे दिसले तर तो गिलेमॉट नाही, पफिन किंवा रेझरबिल असेल.) काही कॉमनलाही चोचीच्या कडेला बारीक फिकट रेषा असते, पण ती केसासारखी, पट्टीसारखी नव्हे. हिवाळ्यात आणि लहान वयाच्या ब्रुनिकमध्ये पट्टी मंद होते. आणि पहिल्या हिवाळ्यातल्या कॉमनची चोच पुरती वाढलेली नसते. आखूड दिसली म्हणून ब्रुनिक ठरवणे ही नवख्यांची नेहमीची चूक.

रेझरबिललाही पांढरी रेघ असते, पण तिची जागा वेगळी: एक डोळ्यापासून चोचीच्या माथ्याकडे आणि दुसरी चोचीवर उभी. त्याची चोच वरून-खालून उंच, बाजूने चपटी, आणि शेपटी लांब, टोकदार. पाण्यावर बसला की ती शेपटी वर उचललेली दिसते. गिलेमॉटची शेपटी आखूड.

गळा, पाठ आणि चष्मा

समोरून पाहताना पांढरी छाती काळ्या गळ्याला जिथे भिडते तिथे ब्रुनिकमध्ये पांढऱ्याचे टोक वर घुसते, उलट्या व्हीसारखे. कॉमनमध्ये ती सीमा बोथट, गोल. पक्ष्याने मान ताठ केलेली असेल तरच ही खूण वाचा. मान आखडून बसलेल्या पक्ष्यात टोक दबते, आणि मान फार ताणली तर गोल सीमेलाही टोक आल्यासारखे वाटते.

पाठीचा रंग हा सर्वांत मोहक आणि सर्वांत कमी भरवशाचा पुरावा. कॉमन चॉकलेटी, ब्रुनिक काळा, हे ब्रिटनमधल्या कॉमनपुरते ठीक. पण कॉमनच्या उत्तरेकडच्या उपजाती चांगल्याच काळ्या असतात, म्हणजे नेमक्या जिथे दोन जाती एकत्र भेटतात तिथेच हा फरक सर्वांत अंधुक. उलट जुलैपर्यंत उन्हाने आणि झिजेने ब्रुनिकची पिसे तपकिरी होतात. ओली पाठ दोघांची काळी. रंग वापरायचाच तर शेजारी बसलेल्या, सारख्या प्रकाशातल्या दोन पक्ष्यांतच वापरा.

अटलांटिकमधल्या काही कॉमनला डोळ्याभोवती पांढरे कडे आणि त्यातून मागे जाणारी रेषा असते, चष्मा घातल्यासारखी. ही वेगळी जात नाही, त्याच जातीचे एक रूप. दक्षिणेत असे पक्षी क्वचित, उत्तरेकडे प्रमाण वाढत जाते, पॅसिफिकमध्ये नाहीतच. ब्रुनिकमध्ये हा चष्मा कधीच नसतो, म्हणून दिसला की प्रश्न मिटला.

उडताना

ताशी ७०–८० किलोमीटर वेगाने, पंखांची अखंड फडफड करत जाणारा पक्षी काही सेकंदच मिळतो. गिलेमॉटचे पंख पाण्याखाली पोहण्यासाठी आखूड झाले आहेत, हवेत त्याची जबर किंमत मोजावी लागते. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ब्रुनिकच्या उड्डाणाचा ऊर्जाखर्च विश्रांतीच्या ३१ पट निघाला. उडणाऱ्या पृष्ठवंशी (पाठीचा कणा असलेल्या) प्राण्यांत इतका खर्च कोणाचाच मोजला गेला नव्हता. पाण्याखाली मात्र त्याच पंखांवर ब्रुनिक २१० मीटर खोलीपर्यंत गेल्याची नोंद आहे.

या वेगात चोच शोधू नका, बगल शोधा. पंख वर असताना कॉमनच्या बगलेत काळपट डाग दिसतात, ब्रुनिकची बगल स्वच्छ. दुसरे म्हणजे घडण: ब्रुनिक आखूड, भरलेला, पाठीला किंचित कुबड असलेला, कॉमन लांबट. शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूंचा पांढरा भाग ब्रुनिकमध्ये जास्त रुंद. एकटा पक्षी असेल तर घडणीवर विसंबू नका. थवा रांगेत जात असेल तर त्यात एखादा 'ठेंगणा' चटकन डोळ्यांत भरतो, मग त्याच्यावरच दुर्बीण धरून ठेवा.

कड्यावरून उतरल्यानंतर

पिल्लू उडी घेते तेव्हा त्याचे वजन मोठ्याच्या जेमतेम पाव असते आणि उडण्याची पिसे आलेली नसतात. संध्याकाळच्या मंद उजेडात ते कड्यावरून झेपावते, खाली बाप हाका मारत थांबलेला असतो, आणि दोघे पोहत खुल्या समुद्राकडे निघतात. पुढचे एक-दोन महिने बापच त्याला भरवतो. म्हणून ऑगस्टमध्ये बोटीवरून एक मोठा आणि एक छोटा गिलेमॉट दिसला तर ते बाप-लेकरू समजा, आणि जात बापावरून ठरवा. पिल्लाच्या चोचीवरून काही कळत नाही. याच सुमारास मोठ्यांची उड्डाणपिसे एकदम गळतात आणि सुमारे सहा आठवडे ते उडू शकत नाहीत. बोट जवळ आली तर ते उडण्याऐवजी बुडी मारतील. बोटवाल्याला पाठलाग करू देऊ नका.

हिवाळ्यात ओळख चोचीपेक्षा चेहऱ्यावरून सोपी होते. कॉमनचा गाल पांढरा होतो आणि डोळ्यापासून मागे त्या पांढऱ्यावर एक काळी रेषा जाते. ब्रुनिकची काळी टोपी डोळ्याच्या खालपर्यंत उतरलेली राहते. पांढरे फक्त हनुवटी आणि गळ्यावर. बॉस्टन परिसरात राहणाऱ्यांना हिवाळ्यात केप ऍनच्या खडकांवरून कधी कधी ब्रुनिक मिळू शकतो, तेव्हा हाच चेहरा शोधावा. एक धोका: कॉमन विणीचा पिसारा लवकर चढवतो, भर हिवाळ्यातच. चेहरा अर्धा काळा झालेला असा कॉमन ब्रुनिकच्या टोपीसारखा दिसतो. त्या अवस्थेतल्या पक्ष्याची कूस आणि चोचीचा आकार पाहिल्याशिवाय नाव देऊ नका. उलट बाजूने, डिसेंबरमध्ये पूर्ण काळ्या डोक्याचा पक्षी दिसला तर तो कॉमन असण्याचीच शक्यता मोठी, कारण ब्रुनिक हिवाळी पिसारा वसंतापर्यंत बाळगतो.

नोंद कशी करायची

दोन जाती वेगळ्या मोजण्याला फार महत्त्व आहे, आणि ते स्वालबार्ड व नॉर्वेच्या मध्ये असलेल्या ब्यॉर्नोया बेटाने दाखवून दिले. बॅरेंट्स समुद्रातला कॅपलिन मासा कोसळल्यानंतर १९८६-८७ च्या हिवाळ्यात तिथल्या कॉमन गिलेमॉटची संख्या ८० टक्क्यांहून अधिक घटली. त्याच कड्यांवरच्या ब्रुनिकला त्या मानाने फारच कमी झळ बसली, कारण त्याचा आहार कॅपलिनवर तितका टेकलेला नाही. दोघांना मिळून 'गिलेमॉट' असा एकच आकडा लिहिला असता तर कोणती जात मेली आणि का, हे कधीच कळले नसते.

मोजताना आधी फळीची सीमा ठरवा: या भेगेपासून त्या डागापर्यंत. रुंद फळीवर दहा पक्षी मोजून तो गठ्ठा डोळ्यांत धरा आणि तसे किती गठ्ठे ते पाहा. उभ्या पक्ष्यांची संख्या म्हणजे जोड्या नव्हेत, कारण जोडीतला एक बहुधा समुद्रावर असतो. ब्रिटनमध्ये कॉमनची गणना जूनच्या पहिल्या तीन आठवड्यांत, सकाळी ८ ते दुपारी ४ च्या दरम्यान करतात. त्या काळात फळीवरची संख्या सर्वांत स्थिर असते. पहाटे आणि संध्याकाळी ती फार हलते.

मिश्र वसाहतीत गणना दोन फेऱ्यांत करा. पहिल्या फेरीत सगळे गिलेमॉट मोजा, दुसऱ्या फेरीत फक्त ब्रुनिक. कमी असलेली जात वेगळी शोधली तरच हाती लागते. दोन्ही एकत्र मोजताना नजर बहुसंख्येकडे ओढली जाते. प्रत्येक पक्ष्यासाठी एकमेकांवर अवलंबून नसलेल्या दोन खुणा जुळायला हव्यात, उदाहरणार्थ कूस आणि चोच. चोचीचा आकार आणि चोचीवरची रेघ या दोन मानू नका, कारण वाईट कोनातून दोन्ही एकाच वेळी फसतात. एकच खूण दिसलेले पक्षी तिसऱ्या रकान्यात टाका. ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर 'कॉमन/थिक-बिल्ड मर' अशी जोडनोंद त्यासाठीच ठेवलेली आहे. नोंदीत अंतर, प्रकाशाची दिशा आणि नेमक्या कोणत्या खुणा पाहिल्या ते लिहा. 'चोच आखूड' एवढेच लिहिले असेल, तर वर्षभराने तुम्ही स्वतःही ती नोंद तपासू शकणार नाही.